घरकुलाचा वाढीव खर्च कोणी सोसायचा?



या तिमाहीचा पाठ घर बांधण्याविषयी आहे, आणि त्यातही घर अर्धे झाल्यावर मिस्त्रीशी होणाऱ्या भांडणाविषयी. आपल्यापैकी पुष्कळ जण आदिवासी कुटुंबांच्या घरांसाठी देणगी देतात. ते दान शेवटी सिमेंटच्या गोणीत आणि सळईत जाते, म्हणून तिथला हिशेब आपल्यालाही कळायला हवा.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडे, भंडारदरा आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात, ठाकर आणि महादेव कोळी समाजाची जुनी घरे अजून पाहायला मिळतात. लाकडी खांब, कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणामातीचा लेप आणि कौले. असे घर उभे करताना ठेकेदार नसायचा. सावडीने माणसे यायची, आज माझ्या घराला तुम्ही, उद्या तुमच्या घराला मी. खर्च होत नव्हता असे नाही, पण तो श्रमात फेडला जाई आणि कोणाचे किती फेडायचे राहिले ते साऱ्या वाडीला ठाऊक असे. सिमेंट-लोखंडाचे घर आले तसा खर्च रोकड झाला, आणि आकडा एकट्या मिस्त्रीला ठाऊक असू लागला. भांडणाचे मूळ मला तरी इथेच दिसते.

आधी सरकारी मदतीचा हिशेब पाहू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली इंदिरा आवास योजनेच्या जागी आली. तिच्यात सपाट भागासाठी १,२०,००० आणि डोंगराळ व दुर्गम भागासाठी १,३०,००० रुपये मिळतात. आपले घर कोणत्या गटात धरले आहे ते मंजुरीपत्रावर असते. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी (२०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे २८,०८० रुपये) आणि शौचालयासाठी १२,००० रुपये. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने आणखी ५०,००० रुपये जाहीर केले, त्यातले ३५,००० बांधकामासाठी आणि १५,००० छतावर सौर पॅनेल बसवले तरच. सपाट भागातल्या कुटुंबाने सौर सोडून बाकी सारे जमेला धरले तर बेरीज १,९५,०८० होते. आदिवासी विकास विभागाची शबरी घरकुल योजना वेगळी आहे, पण घराचा आकार आणि हप्त्याहप्त्याने पैसे देण्याची रीत बरीचशी अशीच.

आता दुसरी बाजू. योजनेतले घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. चौरस फुटाला १,५०० रुपये धरले तर खर्च ४,०३,५०० रुपयांवर जातो. दर कमी धरा, घरच्या माणसांनी मजुरी करावी, जुने दार-खिडकी वापरावी, तरी मोठा फरक उरतोच. तो फरक कुटुंब कसा भरते हे आपण पाहतो. शेळ्या विकल्या जातात, मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतली जाते, किंवा सारे घर नारायणगावकडे मजुरीला जाते आणि मुलांची शाळा सुटते. म्हणून मिस्त्रीने मध्येच मागितलेले "आणखी तीस हजार" म्हणजे कोणाची तरी एका हंगामाची मजुरी असते.

पुष्कळांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरकुलाचे काम ठेकेदाराकडे द्यायचेच नाही, घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घ्यायचे. गवंडी लावायला मनाई नाही. मनाई आहे ती "सगळे माझ्यावर सोडा, तुम्ही फक्त अंगठा द्या" या पद्धतीला. प्रत्यक्षात वाडीवर तीच पद्धत जास्त चालते, कारण माल आणायला गाडी नाही, दुकानदार उधार देत नाही आणि पहिला हप्ता साधारण १५,००० रुपयांचा असतो. तेवढ्यात जोत्यापर्यंतचे काम होत नाही, आणि जोते होऊन त्याचा फोटो जिओ टॅगिंगने चढल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. मग मिस्त्री स्वतःचा पैसा घालतो. त्याच्या पैशाला व्याज असते, ते तो बोलून दाखवत नाही, दरात घालतो. ठेकेदाराला चोर म्हणण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. "खर्च वाढला" या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणताही वाद मिटत नाही.

एक, मालाचा भाव वाढला. दुसरी, काम वाढले, म्हणजे ठरल्यापेक्षा पाया खोल गेला, ओटा वाढवला, मोरी मागाहून सुचली. तिसरी, मिस्त्रीचा मूळ अंदाजच चुकला, किंवा काम मिळावे म्हणून त्याने मुद्दाम कमी सांगितला. चौथी, माल आला पण घरात गेला नाही.

पहिल्या दोन गोष्टींवर आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निकाल आहेत. कायद्याच्या पुस्तकात ते रुक्ष वाटतात, पण गोष्ट म्हणून सांगितले तर वाडीवरच्या बैठकीतही समजतात. पहिला १९६० चा, अलोपी प्रसाद विरुद्ध भारत सरकार. लष्कराला तूप पुरवण्याच्या कामावर नेमलेल्या या व्यापाऱ्यांचे म्हणणे असे, की महायुद्धामुळे आमचा खर्च फार वाढला, तेव्हा कराराच्या वर रक्कम द्या. न्यायालयाने नाकारले. करार पाळणे अपेक्षेपेक्षा महाग पडले एवढ्याने तो मोडत नाही आणि न्यायालय नवा दर ठरवून देत नाही. अर्थ असा, की मालासकट ठरीव रकमेत घर बांधून देण्याचे ठरले असेल आणि भाववाढीविषयी काही बोलणे झाले नसेल, तर सिमेंट महागल्याचा भार मिस्त्रीचा. याची दुसरी बाजूही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तो फायदाही ठरीव रकमेच्या करारात मिस्त्रीचाच. "भाव उतरला, आता कमी करा" असे म्हणण्याचा हक्क आपल्यालाही नाही.

दुसरा निकाल १९६१ चा, पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल. या ठेकेदाराने सरकारी पुरवठा खात्यासाठी गोदाम, पहारेकऱ्याची खोली, स्वयंपाकघर, कच्चा रस्ता अशी कामे करून दिली. खात्याने ती वापरली आणि मग म्हटले, कायदेशीर करारच झाला नव्हता. न्यायालय म्हणाले, काम फुकट करायचे नव्हते, तुम्ही ते स्वीकारले, त्याचा लाभ घेतला, तेव्हा मोबदला द्या. भारतीय करार कायदा, १८७२, याचे ७० वे कलम ते हेच. तेव्हा घरच्यांनी सांगून वाढवलेला ओटा वापरायचा आणि "ठरलेल्यात बसव" म्हणायचे, हे कायद्यातही बसत नाही. यिर्मया २२:१३ मध्ये शेजाऱ्याकडून काम करून घेऊन मजुरी न देता घर बांधणाऱ्याचा धिक्कार आहे. तो ठेकेदाराला जितका लागू आहे तितकाच घरमालकाला.

हे प्रत्यक्षात कसे होते ते एका घराच्या उदाहरणाने सांगतो. प्रवरेच्या खालच्या भागातली एक भिल्ल वस्ती, आकडे थोडे गोल केले आहेत. मिस्त्रीने मालासकट घर सांगितले, तोंडी. लिंटेलपर्यंत काम आल्यावर ५५,००० रुपये जास्त मागितले, दिले नाहीत तर सेंट्रिंग आणणार नाही म्हणाला. घरच्या आजी चिडून म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, हे घर आहे का विहीर, पैसा टाकतोय नि तळ लागंना." आम्ही दोन्ही बाजूंना जोत्यावर बसवले आणि टेप लावला. जमीन काळी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत पाया दोन फूट जास्त खाली गेला होता. त्याचे १८,००० रुपये खरे निघाले. घरच्यांनी वाढवून घेतलेल्या ओट्याचे ९,०००, तेही खरे. १६,००० भाववाढीचे होते. ते मिस्त्रीनेच सोसायचे, पण जागेच्या वादामुळे घरच्यांनी काम तीन महिने अडवून धरले होते आणि त्या काळातच भाव चढला होता. म्हणून त्यातले ५,००० त्यांनी कबूल केले. राहिले १२,०००. त्यांच्या गोण्यांचा हिशेब कुठेच लागेना. मिस्त्री थोडा वेळ जमिनीकडे पाहत बसला आणि म्हणाला, ते राहू द्या. ३२,००० वर मिटले, दोन टप्प्यांत, स्लॅब झाल्यावर अर्धे आणि गिलावा झाल्यावर अर्धे.

त्या दिवशी कामाला आला तो टेप आणि एक वही, माझे समजावणे नव्हे. काही मापे अशी आहेत की आठवी शिकलेली मुलगीही ती काढू शकते, आणि घरात अशी मुलगी असेल तर हिशेबाची वही तिच्याच हाती द्यावी असे माझे मत आहे.

सळईचे वजन दुकानात न तोलता काढता येते. मिलिमीटरमधली जाडी तिनेच गुणायची आणि १६२ ने भागायचे, की एक मीटर सळईचे किलोतले वजन मिळते. १२ मिलिमीटरची सळई १२ मीटर लांब असेल तर वजन सुमारे १०.६७ किलो, ८ मिलिमीटरची असेल तर ४.७४ किलो. बिलावर २० मोठ्या सळयांचे ३०० किलो लिहिले असेल तर विचारायला हवे, कारण होतात साधारण २१३.

वाळू, खडी, मुरूम ब्रासने येतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजून गुणाकार करायचा. ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद ट्रॉली दोन फूट भरली तर ९९ घनफूट, म्हणजे एक ब्रास. वाळू ओलसर असेल तर फुगते, बारीक वाळू तर बरीच फुगते, म्हणून दमट वाळूची भरलेली ट्रॉली आत कमी वाळू देते. घरकुल लाभार्थ्यांना शासनाच्या वाळू धोरणात ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, पण वाहतूक आपली. हा अर्ज आधी करावा. पावसाळ्यात नदीपात्रातून वाळू काढायला बंदी असते, आणि मग हिची किंमत पावसाच्या ढगाबरोबर वर जाते.

स्लॅबचे असे. २६९ चौरस फुटांचा चार इंची स्लॅब म्हणजे सुमारे ९० घनफूट, अडीच घनमीटर. एकास दीडास तीन या मिश्रणात घनमीटरला साधारण ८ गोण्या लागतात, म्हणजे २० गोण्या. बीम वेगळे, नासाडी थोडी धरावी. पण नुसत्या स्लॅबला ४० गोण्या सांगितल्या तर वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवावे. रिकाम्या गोण्या फेकू नयेत, घर होईपर्यंत एका जागी रचून ठेवाव्यात. त्या मोजता येतात.

लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दाखला आहे. प्रवचनात आपण तो लगेच शिष्यत्वाकडे नेतो, आणि ते योग्यच आहे. पण ऐकणाऱ्यांना पाया घालून अडकलेला माणूस डोळ्यांपुढे दिसत होता म्हणूनच तो दाखला कळला. आपल्याकडे तो "बसून" करायचा भाग राहून जातो. बोलणी उभ्याउभ्या होतात, पानसुपारी होते, विसार दिला जातो.

बसायचे असेल तर काय ठरवायचे? माझ्या मते सगळ्यांत आधी, पाया. दर ठरवण्यापूर्वी जागेवर एक खड्डा खणून पाहावा. अकोल्याच्या डोंगरावर दोन-तीन फुटांवर कातळ लागेल, नेवासे-श्रीरामपूरकडे काळी माती खाली खाली जाईल. घराचा जो भाग दिसत नाही त्यातच खर्च सर्वांत जास्त फसवतो. त्यानंतर, काम मजुरीवर द्यायचे की मालासकट. मी मजुरीवर द्यावे असे सांगतो. माल घरच्यांनी आणावा, बिल घरच्यांच्या नावे असावे, मिस्त्रीला चौरस फुटाप्रमाणे मजुरी द्यावी. यात धावपळ फार होते हे खरे, पण भाववाढीचे भांडण उरत नाही, कारण दुकानातला भाव दोघांनाही दिसतो. मालासकटच द्यायचे असेल तर सिमेंट, सळई, विटा आणि वाळू या चारांचे आजचे भाव कागदावर लिहावेत, आणि किती टक्क्यांच्या वर भाव गेला तर कोणी किती सोसायचे तेही लिहावे. वाढीव काम दोघांच्या सहीशिवाय सुरू करायचे नाही. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात करारासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो, तो घेतला तर उत्तम. नाही जमला तरी वहीच्या पानावर दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार असणे काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरे. अंगठा देणाऱ्याला मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, त्याच्या बोलीत.

पैसे कामाच्या मागून जावेत, पुढून नव्हे. जळगावच्या घरकुल प्रकरणाने हे फार मोठ्या आकड्यांत दाखवून दिले. तिथल्या तेव्हाच्या नगरपालिकेने गरिबांसाठी अकरा हजारांहून अधिक घरकुले बांधायला घेतली, ठेकेदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कम दिली, आणि जेमतेम दीड हजार पूर्ण झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. पुढे अपिले झाली. पण घराची वाट पाहणाऱ्यांची वर्षे कोणत्या अपिलात परत मिळतात? वस्तीवरचा आगाऊ पैसा लहान असतो, रीत तीच असते. मजुरांच्या खुराकीपुरती उचल द्यावी, बाकी जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा या टप्प्यांना. हप्ता खात्यात आला त्या दिवशी मिस्त्री किंवा एखादा मध्यस्थ आजीबाईंना बँकेत घेऊन गेला आणि अंगठ्यावर सारी रक्कम काढून स्वतःकडे ठेवली, तर तो खर्चवाढीचा वाद नव्हे, त्याची तक्रार पोलिसांत करायची.

देणगीदारांनाही एक विनंती. घर अडले की आपल्याला फोन येतो आणि आपण कनवाळूपणे "उरलेले किती?" असे विचारून रक्कम पाठवतो. वस्तीवर याचा अर्थ असा घेतला जातो की मंडळी वाढीव पैसे देतात. पुढच्या घराचा अंदाज मग त्या भरवशावर सांगितला जातो. आपली मदत आधीच सांगून, एखाद्या ठरावीक भागासाठी, जमले तर दुकानदाराच्या बिलावर द्यावी, उदाहरणार्थ स्लॅबची सळई किंवा दार-खिडक्या.

बैठकीत मिटले नाही तर कुठे जायचे, ते थोडक्यात. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि पंचायत समितीचे ग्रामीण गृहनिर्माण अभियंता यांना मापे घेण्याची लेखी विनंती करता येते. त्यांच्या सहीचे माप पुढे फार उपयोगी पडते. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, याच्या १२ व्या कलमाप्रमाणे मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, फोन १५१००. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, यात घरबांधणी ही "सेवा" धरली आहे, म्हणून पैसे घेऊन काम सोडणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, मार्गदर्शनासाठी १९१५. महारेराकडे मात्र जाऊ नये. ती फ्लॅट आणि प्लॉट विकणाऱ्या विकासकांसाठी आहे, आपल्याच जागेवर आपण लावलेल्या मिस्त्रीसाठी नाही. लोक अदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, तेव्हा तिथे आकडा कबूल करण्यापूर्वी वही पुन्हा एकदा पाहून घ्यावी.

मंडळीच्या बैठकीत हा पाठ घेताना खालील उदाहरण सोडवावे. एका कुटुंबाने मजुरीवर काम दिले, चौरस फुटाला ३०० रुपये, घर २६९ चौरस फूट. जोते झाल्यावर त्यांनी सहा फूट बाय दहा फुटांचा ओटा वाढवला, दर काही ठरला नाही. स्लॅबच्या आदल्या दिवशी मिस्त्री आजारी पडला, त्याच्या भावाने काम पूर्ण केले आणि आता दोघेही पैसे मागतात. आतापर्यंत ६०,००० रुपये दिलेले आहेत, त्यातल्या २०,००० ची नोंद नाही. कोणाला किती द्यायचे, आणि पहिला प्रश्न कोणाला विचारायचा? निम्म्या लोकांनी घरच्यांची आणि निम्म्यांनी मिस्त्रीची बाजू घ्यावी, आणि अर्ध्या तासाने बाजू बदलाव्यात. एक टेप जवळ ठेवावा.